दोरी पुरेना: एका घराला मिळालेला इशारा आणि नऊ वर्षांनी झालेली परतफेड

हे प्रकरण मी नव्या पाळकांसाठी आणि मंडळीचा (चर्चचा) कारभार बघणाऱ्या पंचमंडळातल्या भावाबहिणींसाठी लिहून काढतोय. ज्यांच्या घरातलं आहे त्यांनी ते वाचलंय, आक्कांना मी स्वतः वाचून दाखवलंय आणि त्यांची परवानगी घेऊनच ते बाहेर येतंय. माणसांची नावं देत नाही, गावाचंही नाही. अंबड तालुक्यातलं, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालचं एक गाव, एवढं पुरे. मी या प्रकरणात नुसता बघणारा नाही, हे मात्र आधीच सांगून टाकतो. २०१४ सालच्या एका कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

घर आणि जमीन

जालना भागातलं ख्रिस्ती काम जुनं. रेव्हरंड नारायण शेषाद्री १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन पुढे इकडे आले, जालन्याजवळ बेथेल वसवलं. आमच्या गावातली चाळीसेक ख्रिस्ती घरं त्याच वेलावरची. बहुतेक मजुरी करणारी, कुणाकडे एक-दोन एकर. त्यात या घराची सहा एकर कालव्याखालची जमीन म्हणजे गावात बोलायची गोष्ट. वडिलांनी तरुणपणी दुसऱ्याकडे सालगडी म्हणून राबून ती एक-एक एकर करून जोडली होती.

वडील २००९ मध्ये गेले. मागे राहिले तिघं: आई, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. थोरल्यांना मी दादा म्हणतो, मुलीला आक्का. आक्का लग्न होऊन सेलूकडे गेलेल्या. २०११ मध्ये त्यांचे मालक वारले, पदरी दोन मुली.

आता कायद्याचं, कारण आपल्या मंडळ्यांमध्ये हे फार कमी लोकांना माहीत असतं. मृत्युपत्र न करता ख्रिस्ती माणूस गेला तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. विधवेला तिसरा हिस्सा, उरलेलं मुलामुलींना सारखं. मुलगा आणि मुलगी यांच्यात त्या कायद्याने कधीच फरक केलेला नाही. म्हणजे सहा एकरांत आईचे दोन, दादांचे दोन, आक्कांचे दोन. वारसांच्या फेरफारात तिघांचीही नावं सातबाऱ्यावर चढली होती. तिथपर्यंत सगळं सरळ होतं.

२०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबी जळाली. जालन्याची मोसंबी म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. आठ-आठ, दहा-दहा वर्षं लेकरासारखी सांभाळलेली झाडं लोकांनी रडत-रडत तोडून सरपणाला दिली. दादांची दीडशे झाडं गेली. पुढच्या वर्षी, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, गारपीट झाली आणि उभा गहू झोपला. बँकेचं कर्ज काढायचं तर सातबारा एका नावावर असला की सोपं पडतं, असं कुणीतरी दादांच्या कानात घातलं. हे मी त्यांची बाजू म्हणून लिहीत नाही. पण पाप बहुतेक वेळा अडचणीच्या दारातून घरात येतं, आणि पाळकाला ते दार दिसायला हवं.

त्या मे महिन्यात आक्कांना माहेरी बोलावून घेतलं. सांगितलं, ‘बोअरच्या कर्जाला तुझी सही लागते.’ आक्का चौथी शिकलेल्या. आईने अंगठा दिला, आक्कांनी सही केली. कागद हक्कसोडपत्राचा होता, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा सोडून दिल्याचा.

मी तेव्हा वर्षभरापूर्वीच त्या मंडळीत आलो होतो. दादा पंचमंडळात, मंडळीचे खजिनदार. “चला पाळकसाहेब, एक सही करायचीय,” म्हणाले, मी मोटारसायकलवर मागे बसलो. रजिस्ट्री कचेरीत कागद पुढे आला, बोट ठेवलं तिथे सही केली. पहिली ओळसुद्धा वाचली नाही. बाहेर आल्यावर कागद लिहिणारा दादांना म्हणाला, “हक्कसोड झालं, आता सातबारा मोकळा.” ते मला ऐकू आलं. मला त्याचा अर्थही कळला. मी काही बोललो नाही. घरातली गोष्ट आहे, आपण नवे आहोत, खजिनदाराशी वाकडं कशाला, असं सगळं त्या मोटारसायकलवर परत येता-येता मनात जुळवून घेतलं.

चार गोष्टी घडल्या

२०१६ मध्ये माझी बदली झाली. २०२१ मध्ये परत त्याच मंडळीत आलो.

२०२२ च्या जूनमध्ये दादांच्या मुलाला वडीगोद्री फाट्यावर अपघात झाला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, संभाजीनगरला नेऊन रॉड टाकला. त्याच वर्षी नवा बोअर कोरडा गेला. सगळं गाव विचारू लागलं, या घराला झालंय काय?

पावसाळा संपता-संपता बाहेरून एक उपदेशक आले. आमच्या मंडळीचे नव्हेत. घराच्या उंबऱ्यावर उभं राहून डोळे मिटून म्हणाले, “या घरावर वाडवडिलांच्या पापाचा शाप आहे.” एकवीस दिवस तेल लावायचं, उपास करायचा आणि विश्वासाचं बी म्हणून एकावन्न हजार द्यायचे. दादांनी पंचवीस हजार दिले. कुठलं पाप, कुणाविरुद्ध, यावर त्या माणसाने एक शब्द काढला नाही आणि दादांनी विचारला नाही. मला वाटतं दादांना ते बरंच वाटलं असावं. वाडवडिलांचं पाप म्हणजे आपलं नव्हे.

तिसरी गोष्ट डिसेंबरमधली. नाताळच्या आधी घरोघरी गीतं गात फिरतो, तशी फेरी त्यांच्या घरी गेली. सगळे चहा घेत होते. आईने मला खुणेने आत बोलावलं. म्हातारी भिंतीला टेकून बसलेली. म्हणाली, “पाळकसाहेब, सपनात ते येतेत. बांधावर उभे राहतेत धोतर नेसून. हातात दोरी. शेत मोजायलेत. मोजतेत, मोजतेत, अन् दोरी पुरंना. माह्याकडं बगतेत नुसतं. तीनदा आलं हे सपान.” थोडं थांबून म्हणाली, “म्याबी अंगठा दिला व्हता.”

चौथी गोष्ट म्हणजे बायबलमधलं वचन. त्याकडे पुढे येतो.

कोणता इशारा खरा मानायचा

याच जागी आपण सगळे घसरतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. मी वीस वर्षांचा होतो. मदतीच्या गाडीबरोबर सास्तूरला गेलो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून लोक निजलेले आणि मातीच्या जाड भिंती त्यांच्या अंगावर आलेल्या. तिथे, प्रेतं अजून ओळीने ठेवलेली असताना, आमच्यातलाच एक जण मोठ्याने म्हणाला, “देवाची शिक्षा आहे ही.” एक बाई दगडावर बसली होती, तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. ती नजर मी आयुष्यभर विसरलेलो नाही. तेव्हापासून कुणाच्या अपघाताकडे, आजाराकडे, नापिकीकडे बोट दाखवून ‘हा देवाचा इशारा’ म्हणायला माझी जीभ वळत नाही.

येशूपुढे हाच प्रश्न आला होता, लूकच्या तेराव्या अध्यायात. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का? नाही, असं त्याने स्वच्छ सांगितलं. पण तेवढ्यावर न थांबता ऐकणाऱ्यांकडे वळून म्हणाला की तुम्ही पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही नाश होईल. मेलेल्यांचा न्याय करू नका आणि जिवंत असलेल्यांनो, स्वतःकडे बघा, या दोन्ही गोष्टी त्याने एका दमात सांगितल्या. मुलाचा मोडलेला पाय ही दादांच्या पापाची शिक्षा, असं मी तेव्हा म्हटलं नाही आणि आजही म्हणणार नाही. त्या पोराने कुणाची जमीन घेतली नव्हती.

वाडवडिलांच्या शापाबद्दल यहेज्केलचा अठरावा अध्याय उघडून बघा. बापाने आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण इस्राएलात पुन्हा कुणी उच्चारायची नाही, असं देव तिथे बजावतो. ज्याने पाप केलं त्याचा हिशोब त्याच्याशी.

मग खरा इशारा ओळखायचा कसा? मी आता एकच गोष्ट पाहतो. तो बोट कशावर ठेवतो? दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याच्याकडे जाऊन एका गरीब माणसाची एकुलती मेंढी हिरावणाऱ्याची गोष्ट सांगितली आणि म्हणाला, तो माणूस तूच आहेस. नाबोथाला मारवून त्याचा द्राक्षमळा बळकावणाऱ्या अहाब राजाला एलिया संदेष्ट्याने त्या मळ्यातच गाठलं, पाप जिथे होतं तिथेच. देवाचा इशारा गावाचा, गटाचा, माणसाचा पत्ता घेऊन येतो. कुणाचं नुकसान झालं ते तो सांगतो, म्हणून परत जायची वाटही त्यातच असते. नुसती भीती घालून वर पैसे मागणाऱ्या वाणीत असा पत्ता नसतो.

म्हातारीच्या स्वप्नात पत्ता होता. दोरी होती, बांध होता, आणि कमी पडणारा तुकडा होता.

माझी चूक

ते ऐकून मी काय केलं? म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि ‘देव शांती देईल’ म्हणून निघालो. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि दुसऱ्या दिवशीही मी दादांकडे गेलो नाही. बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या सात मंडळ्यांपैकी पाच मंडळ्यांना प्रभू पश्चात्ताप करायला सांगतो. इफिसकरांना तर क्रमही लावून देतो: आठव, पश्चात्ताप कर, पहिली कृत्यं कर. मला आठवलं होतं. पुढचं पाऊल टाकायला पाय उचलत नव्हता, कारण दादांना बोलायचं म्हणजे त्या कागदावरची माझी सही उघडी करायची.

२०२३ चा राखेचा बुधवार २२ फेब्रुवारीला होता. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, सुरू झाला. दुसऱ्या आठवड्यात मी नाबोथाच्या मळ्यावर, १ राजे २१ वर उपदेश केला. मुद्दाम. समोर जाऊन बोलायचं धाडस नव्हतं म्हणून पुलपिटावरून बोललो. नाथान दाविदाच्या घरी गेला होता, हे मला माहीत असून. नव्या पाळकांनो, हे करू नका. ज्याचा दोष आहे त्याच्याकडे एकट्याने जा, मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने तसंच सांगितलंय. सगळ्या मंडळीसमोर आडून मारलेला दगड भलत्यालाच लागतो, किंवा लागतच नाही.

त्या दिवशी लागला, ही देवाची कृपा, माझं शहाणपण नाही.

उपासना संपल्यावर वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत, दान मोजायला आम्ही तिघं बसलो. दादांनी थैल्या टेबलावर उलट्या केल्या, नोटा सरळ केल्या, दहाच्या वेगळ्या, वीसच्या वेगळ्या. मोजायला लागले. एकशे सत्तरवर थांबले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा मोजताना बोटांना थुंकी लावायलाही विसरले, नोटा सुटेनात. वीस वर्षं हिशोब ठेवणारा माणूस. तिसरे गृहस्थ उठून बाहेर गेले, मुद्दाम गेले असावेत.

“तुम्ही माझ्यावर बोललात,” दादा म्हणाले.

“हो. आणि माझ्यावर. त्या कागदावर माझी सही आहे, दादा. त्या दिवशी मला कळलं होतं.”

ते बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले. मग रडले. नोटा तशाच पसरलेल्या.

अहाबाचं गोणपाट

इथून पुढचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

दादा खरोखर हललेले होते. दुसऱ्या दिवसापासून उपास धरला. गुड फ्रायडेला सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष देतो म्हणाले, पाप कबूल करतो. मंडळीत अशी साक्ष झाली की लोक रडतात, गीत होतं, पाळकालाही बरं वाटतं. मी ‘हो’ म्हणणार होतो. त्याच संध्याकाळी तो अध्याय पुन्हा वाचला आणि शेवटाशी अडखळलो. एलियाचं ऐकून अहाबाने कपडे फाडले, गोणपाट नेसला, उपास केला, मंदपणे चालू लागला. देवाने ते पाहिलं आणि अरिष्ट पुढे ढकललं. देव इतका कनवाळू आहे. पण अहाबाने मळा परत दिला, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. नाबोथ मेला होता हे खरं. तरी मळा अहाबाच्याच घराकडे राहिला आणि पुढे त्याच्या मुलाचं प्रेत त्याच रानात टाकलं गेलं.

निनवेचंही असंच नीट वाचा. योना संदेष्ट्याने त्या शहराच्या नाशाला चाळीस दिवसांची मुदत सांगितली. राजापासून गुराढोरांपर्यंत सगळ्यांनी गोणपाट पांघरलं, पण देवाने काय पाहिलं? त्यांची कृती पाहिली, की ते आपल्या वाईट मार्गापासून फिरले. राजाच्या हुकमातही हाताने होणारा जुलूम सोडा, असं आहे. आपला ‘पश्चात्ताप’ हा शब्द नंतर होणाऱ्या तापाचा आहे. इब्री शास्त्रात त्या जागी जो शब्द येतो त्याचा अर्थ मागे फिरणं, आल्या वाटेने परत जाणं. ताप दादांना झाला होता. परत जायची वाट सेलूकडे जात होती.

म्हणून मी त्यांना म्हटलं, “साक्ष नंतर. आधी आक्कांकडे. वेदीपाशी आठवलं तर दान तिथंच ठेवून भावाकडे जा, असं प्रभूने म्हटलंय. तुमच्या बाबतीत बहिणीकडे.” दादा गप्प झाले. मंडळीसमोर रडणं त्यांना सोपं वाटत होतं. एका बाईसमोर उभं राहणं जड होतं. मलाही होतं.

सेलू

परतूरपर्यंत एसटी, तिथून रेल्वेने सेलू. आक्का एका पत्र्याच्या खोलीत राहतात. शिवणयंत्र, त्यावर अर्धा शिवलेला परकर. हंगामात कापूस वेचायला जातात.

बोलायचं मी आधी ठरवलं होतं. मी म्हणालो, “आक्का, त्या दिवशी मी कागद वाचला नाही, आणि नंतर कळलं तरी तुम्हाला सांगितलं नाही. माझं पाप आहे. तुमची माफी मागायला आलोय.” मग दादा बोलले. थोडंच बोलले. ‘कर्जासाठी म्हणालो ते खोटं होतं’ हे वाक्य त्यांनी स्पष्ट उच्चारलं, आणि त्याचं मला मोल वाटतं. ‘काही चुकलं असेल तर’ असं ते म्हणाले नाहीत.

आक्का रडल्या नाहीत. यंत्रावरचा परकर घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, “दादा, त्या दिशी हापिसाच्या भाईर तू मला उसाचा रस पाजला व्हता. दोन गिलास. लई ऊन व्हतं. म्या माह्या पोरींना येऊन सांगितलं, मामा किती जीव लावतेत. नऊ वर्सं सांगायलेय म्या त्यांना.”

दादांनी खाली बसून जमिनीवर हात टेकले.

माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सही करायला दोघं व्हता. माफी मागायला बी दोघं आलात.” चहा दिला. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. आम्ही निघताना फक्त म्हणाल्या, “आईला म्हणावं, येते मी.”

परतीच्या गाडीत दादा खट्टू होते. त्यांना वाटलं होतं, बहीण उठून गळ्यात पडेल. मी त्यांना सांगितलं, आणि पाळकांनाही सांगतो: माफी देणं त्यांच्या हातात आहे, त्यांच्या वेळेने. आपण मागायला गेलो म्हणून ती आपली होत नाही. तीन आठवड्यांनी आक्कांचा फोन आला. “दादाला सांगा, माह्या मनातून काढून टाकलंय म्या. पण शेत शेताच्या जागी.” या वाक्यावर मी खूपदा विचार केलाय. क्षमा आणि न्याय यांच्यात एकाची निवड करायला आपण दुखावलेल्या माणसांना फार लावतो. चौथी शिकलेल्या या बाईने दोन्ही हातात धरले.

हिशोब

दादांनी आधी एक एकर आणि दोन लाख म्हटलं. वहिनींचा त्यालाही विरोध होता. “ह्यांचं पाप, अन् माह्या लेकराच्या पोटावर काऊन? त्याचा पाय तसा,” त्या म्हणाल्या. त्यांचा राग मला खोटा वाटला नाही. त्या नऊ वर्षं त्या शेतात वाकल्या होत्या आणि त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांच्याशी बोलायला मी चार वेळा गेलो. शेवटी तोड आईने काढली. म्हणाली, “सून, ते दोन एकर तुह्या लेकराचे नव्हतेच. आपून उसने खात व्हतो.” अनुवादाच्या सत्ताविसाव्या अध्यायात शेजाऱ्याच्या शेताची मेर सरकवणाऱ्यावर शाप आहे. त्या उपदेशकाने शाप सांगितला होता खरा, पण तो कुठल्या बांधावर आहे, ते या अडाणी म्हातारीने सांगितलं.

दोन एकर पूर्ण, आणि तेही कालव्याकडच्या बाजूचे. जुना दस्त कोर्टात रद्द करायला जाण्यापेक्षा दादांनी आक्कांना नवं नोंदणीकृत बक्षीसपत्र करून द्यावं, असं वकिलांनी सुचवलं. मुद्रांकाचा सगळा खर्च दादांचा.

नऊ वर्षांच्या उत्पन्नाचं काय? गावात जमीन बटईने जाते, त्या हिशोबाने मालकाच्या वाट्याला एकरी सरासरी बारा हजार धरले. दोन एकर, नऊ वर्षं: दोन लाख सोळा हजार. गणनेच्या पाचव्या अध्यायात परतफेडीवर पाचवा हिस्सा जास्त घालायला सांगितलंय, तो दादांनी आपणहून काढला. त्रेचाळीस हजार दोनशे. एकूण दोन लाख एकोणसाठ हजार दोनशे. फसवून घेतलेलं चौपट परत करणाऱ्या बायबलमधल्या जक्कयाचं मी काही बोललो नव्हतो, तेच म्हणाले, “चौपट माझ्याच्यानं होणार नाही, पाळकसाहेब.” मी म्हटलं, जे होईल ते पूर्ण करा.

खजिनदारपद आणि पंचमंडळाची जागा त्यांनी सोडली. मी माझ्या वरिष्ठांना पत्र लिहून सहीची हकिकत कळवली आणि पेन्टेकॉस्टच्या रविवारी मंडळीसमोर सांगितली. दादांची साक्ष त्यानंतर झाली. पाच मिनिटांची. आक्का पुढच्या बाकावर बसून ऐकत होत्या.

यातून काय बदललं, असं लोक विचारतात. बोअर कोरडाच आहे. २०२३ चा पाऊसही रुसला. मुलगा अजून लंगडतो आणि आत्याशी फारसा बोलत नाही. दादांनी पहिला हप्ता साठ हजारांचा दिला, दुसरा कापूस विकून दिला, तिसरा यंदा थकलाय, त्याबद्दल त्यांनी आक्कांना स्वतः फोन करून सांगितलं. पश्चात्ताप केला की घरावरचं संकट टळतं, असं शिकवणाऱ्यांना हे प्रकरण उपयोगाचं नाही. म्हातारीला मात्र ते स्वप्न पुन्हा पडलं नाही.

मोजणी नोव्हेंबरमध्ये झाली. भूमी अभिलेखचे कर्मचारी काठीवरचं यंत्र घेऊन आले. म्हातारी हट्टाने बैलगाडीत बसून शेतात आली, लिंबाखाली गोधडी टाकून बसली. यंत्र फिरलं, आकडे लिहिले, खुणा झाल्या, तासाभरात संपलं. तिने मला विचारलं, “दोरी कुठंय?” मी म्हटलं, “आता दोरी लागत नाही, मावशी. यंत्रच मोजतं.” ती म्हणाली, “पुरलं का पण?” आक्का कोपऱ्यावरच्या हद्दीच्या दगडावर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनीच तिथून हाक मारली, “पुरलं, आई.”

२०२४ च्या जानेवारीत बक्षीसपत्राची नोंदणी झाली. तीच कचेरी, बाहेर तीच रसाची गाडी, थंडीमुळे बंद. साक्षीदार म्हणून कुणाला घ्यायचं, असं वकिलांनी विचारलं तेव्हा आक्का म्हणाल्या, “पाळकसाहेबांना.” मला ते नको होतं. मी तसं म्हटलंही. त्यांनी ऐकलं नाही.

कागद पुढे आला. लिहिणाऱ्याने सवयीने शेवटच्या पानावर बोट ठेवलं. मी पेन काढलं. आक्कांनी माझ्या हाताखालून कागद ओढून घेतला, पहिलं पान वर केलं आणि परत माझ्यासमोर ठेवला.

“वाचा,” म्हणाल्या. “मोठ्यानं.”

मागे रांग लागली होती. मी चष्मा लावला आणि लिहून देणाऱ्याच्या नावापासून सुरुवात केली. गट नंबर, क्षेत्र, आकार, मग चतुःसीमा: पूर्वेस कालव्याची चारी, पश्चिमेस लिहून देणार यांची जमीन. दादा माझ्या शेजारी उभे होते, ऐकत होते. एका ठिकाणी मी भरभर पुढे गेलो तर आक्का म्हणाल्या, “ते परत.” मी ते परत वाचलं.